सायकल ट्रॅक: लाल रंगाच्या खाली काय असतं?

सोलापूर शहरातल्या मोठ्या रस्त्यांवर सायकलसाठी वेगळा, कठडा घालून राखलेला ट्रॅक असावा का, असं मागच्या अंकात विचारलं होतं. पत्रं दोन्ही बाजूंनी आली, काही चांगलीच तिखट. वाचताना जाणवलं की 'हवा' म्हणणाऱ्यांच्या आणि 'नको' म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांपुढचा ट्रॅक एकच नाही. म्हणून या वेळी मतांपेक्षा मापांवर भर दिला आहे.

प्रश्न: आमच्या वसाहतीपुढचा रस्ता डीपीत (शहराच्या विकास आराखड्यात) १८ मीटरचा आहे. त्यात ट्रॅक बसतो का? का नुसतं कागदावर बसवतात? (एक निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर)

आधी टेप घेऊन रस्ता मोजा. डीपीतले १८ मीटर हे कंपाउंडपासून कंपाउंडपर्यंतचे असतात. जागेवर त्यात गटारावरच्या फरश्या, घरापुढचे ओटे, पायऱ्या आणि ट्रान्सफॉर्मरचं कुंपण आलेलं असतं. दर ५० मीटरवर एक माप घ्या. त्यातलं सगळ्यात लहान माप हीच रस्त्याची खरी रुंदी धरायची, कारण ट्रॅक अडतो तो तिथेच.

पूर्ण १८ मीटर मिळाले तर हिशेब असा: दोन्ही कडेला २ मीटर फुटपाथ, २ मीटर ट्रॅक, ट्रॅक आणि वाहनं यांच्यामध्ये अर्ध्या मीटरची पट्टी. उरले ९ मीटर, ते वाहनांना. एवढ्यात दोन बस समोरासमोरून जातात आणि शेजारून दुचाकीही निघते. डिव्हायडर मात्र बसत नाही आणि पार्किंगला जागा शून्य. ही शेवटची गोष्ट नकाशात कुणी ठळक लिहीत नाही आणि भांडण पेटतं ते तिच्यावरून. २४ मीटरचा रस्ता असेल तर त्याच मापांत प्रत्येक दिशेला ७ मीटर वाहनांना आणि मध्ये एक मीटरचा डिव्हायडर बसतो. १२ मीटरच्या रस्त्यावर ट्रॅकचा हट्ट धरूच नये. तिथे वेग ३० वर आणावा, जमल्यास एकेरी वाहतूक करावी. ५० च्या वेगातल्या गाडीची धडक ३० च्या वेगापेक्षा पावणेतीनपट जोराची असते, कारण धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते.

एका सापळ्यापासून सावध राहा. 'एकाच बाजूला तीन मीटरचा दुहेरी ट्रॅक' असा प्रस्ताव हमखास येतो, कारण काम एकाच कडेला करावं लागतं आणि स्वस्तात होतं. गल्लीतून डावीकडे वळून बाहेर पडणारा माणूस उजवीकडे बघतो, कारण गाड्या तिकडून येतात. दुहेरी ट्रॅकवरची निम्मी सायकल त्याच्या डावीकडून येते. ती त्याला दिसतच नाही. असा ट्रॅक गल्ल्या नसलेल्या कडेलाच चालतो: तलावाचा काठ, रेल्वेची भिंत, किल्ल्याच्या खंदकाची बाजू. दुकानं आणि घरांची फाटकं असलेल्या रस्त्यावर दोन्ही कडांना एकेरी ट्रॅकच हवा.

आणि नकाशात बसथांबा शोधा. ट्रॅक थांब्याच्या पुढून गेला असेल तर बस दर फेरीला ट्रॅकवर चढणार. तो थांब्याच्या मागून न्यायचा आणि बस व ट्रॅक यांच्यामध्ये प्रवाशांना उभं राहायला दोन मीटरचा ओटा ठेवायचा. चढणाऱ्या-उतरणाऱ्यांनी ट्रॅक ओलांडायची जागा एकच, पट्टे मारलेली.

प्रश्न: नवी पेठेत आमचं कापडाचं दुकान आहे. आधीच गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा नाही. त्यात हे ट्रॅकचं खूळ आणलं तर धंदा बसेल. (एक व्यापारी)

नवी पेठेत कठड्याचा ट्रॅक करू नये, या मताचे आम्हीही आहोत. पेठांमधल्या रस्त्यांवर लोक, हातगाड्या, रिक्षा आणि सायकली एकाच चालीने चालतात. तिथे कठडा घातला की पाय अडखळतात, माल उतरवायला जागा राहत नाही आणि महिन्याभरात ट्रॅकवर स्टॉल लागतात. हातगाडीवाले हटवून ट्रॅक करू असं कुणी म्हणत असेल तर फेरीवाल्यांचा २०१४ चा कायदा आड येतो. शहर फेरीवाला समितीला डावलून ते करता येत नाही.

रुंद रस्त्यावरच्या दुकानांचा हिशेब मात्र वेगळा आहे. दुकानांपुढची ३० मीटर लांबी घ्या. रस्त्याला समांतर चारचाक्या लावल्या तर प्रत्येकीला सहा मीटर लागतात, म्हणजे पाचच गाड्या. त्याच लांबीत आडव्या लावलेल्या दुचाक्या प्रत्येकी पाऊण मीटरने चाळीस आणि सायकली ६० सेंटिमीटरने पन्नास बसतात. तुमच्याकडे पाच मोटारवाले येतात की चाळीस दुचाकीवाले, ते तुम्हीच जाणता. आठवडाभर गल्ल्यापाशी वही ठेवा आणि प्रत्येक गिऱ्हाईक कशाने आलं याची एक रेघ मारा. सुनावणीत ही वही कुठल्याही निवेदनापेक्षा वजनदार ठरते. आकडे कधीकधी व्यापाऱ्याच्या अंदाजाविरुद्ध जातात, तेव्हा वही लपवू नका म्हणजे झालं.

मागायचीच असेल तर माल उतरवायची जागा मागा. दर शंभर-दीडशे मीटरला १२ मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद खाच, टेम्पोसाठी. ट्रॅक तिच्या आतल्या बाजूने, फुटपाथला लागून जाईल. टेम्पोचं दार उघडल्यावर सायकलवाल्याला लागू नये म्हणून मध्ये पाऊण मीटर मोकळं सोडायचं.

प्रश्न: मी पूर्व भागात कारखान्यावर कामाला. मागं सुताची पोती असतात. एका शहरात ट्रॅकवरनं गेलो तर दर दहा पावलाला खाली-वर, खाली-वर. पोती सुटायची वेळ आली, शेवटी रस्त्यावरनंच आलो. असला ट्रॅक कुणासाठी करतात? (एक वाचक)

असा ट्रॅक सायकल कधी न चालवणाऱ्यानं आखलेला असतो. तुमच्या पत्रातली प्रत्येक गोष्ट मापात सांगता येते, म्हणून जरा सविस्तर.

खाली-वर होण्याचं कारण: ट्रॅक फुटपाथच्या उंचीला, म्हणजे १५ सेंटिमीटर वर केलेला असतो आणि प्रत्येक फाटकापाशी मोटार आत जावी म्हणून तो रस्त्याच्या पातळीला उतरवतात. मागे पन्नास-साठ किलो ओझं असलं की चढावर पुढचं चाक हलकं होतं, हँडल डोलतं. करायला हवं नेमकं उलट. ट्रॅक सलग सपाट ठेवायचा आणि चढायचं मोटारीनं. रस्ता आणि ट्रॅक यांच्यामधल्या अर्ध्या मीटरच्या पट्टीत छोटा उतार दिला की मोटार हळू होऊन ट्रॅक ओलांडते. ट्रॅक रस्त्यापेक्षा पाच ते सात सेंटिमीटरच उंच ठेवला तर हे सहज जमतं. गल्लीच्या तोंडाशीही तसंच: ट्रॅक आणि फुटपाथ त्याच पातळीवर पुढे न्यायचे, गल्लीतल्या गाडीला रुंद स्पीड ब्रेकरवरून गेल्यासारखं वाटलं पाहिजे. लाल रंग मारायचाच तर या ओलांडणीच्या पट्ट्यात मारा. बाकीच्या लांबीत रंगाचा खर्च वाया जातो, शिवाय गुळगुळीत रंगावर पहिल्या पावसात चाक घसरतं.

दुसरं, कर्ब, म्हणजे ट्रॅकच्या कडेचा उभा काठ. पायडल खाली आलं की ते जमिनीपासून जेमतेम १० ते १२ सेंटिमीटरवर असतं. कर्ब १५ सेंटिमीटरचा, म्हणजे पायडल त्याला घासतं आणि माणूस पडतो रस्त्याच्या बाजूला. म्हणून चालवणारा आपोआप कर्बपासून ३० सेंटिमीटर आत सरकतो. दोन्हीकडे उंच कर्ब असलेला दोन मीटरचा ट्रॅक प्रत्यक्षात एक मीटर चाळीस सेंटिमीटरचा उरतो. ट्रॅकच्या बाजूचा कर्ब पाच सेंटिमीटरचा, वरची कड तिरपी छाटलेली असेल तर सगळी रुंदी वापरता येते.

तिसरं, रुंदी. साध्या सायकलचं हँडल ६०-६५ सेंटिमीटर असतं, डोलणं धरून एक मीटर. दोन्ही बाजूंना पोती किंवा दुधाचे कॅन असले तर नुसतं ओझंच मीटरभर जातं. अशा दोन सायकली दोन मीटरच्या ट्रॅकवर एकमेकींना ओलांडू शकत नाहीत. पूर्व भाग, एमआयडीसी, मार्केट यार्ड अशा ओझ्याच्या वाटांवर अडीच मीटर मागा. शाळेच्या रस्त्याला दोन पुरतात.

आणि चेंबर. झाकण ट्रॅकच्या पातळीपेक्षा एक सेंटिमीटर जरी खोल असलं तरी ओझ्याच्या सायकलला तो खड्डाच. पावसाच्या पाण्याच्या जाळीच्या पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात. उभ्या पट्ट्यांमध्ये चार सेंटिमीटर फट असली की साध्या सायकलचं चाकही अडकतं, बारीक टायरची तर गोष्टच सोडा. काम चालू असताना जाळी उलटी बसवताना दिसली तर तेव्हाच बोला. काँक्रीट सुकल्यावर ती कोण फिरवतो!

प्रश्न: ट्रॅक केला की दुचाक्या घुसतात. तोंडाशी खांब का रोवत नाहीत?

रोवतात, पण उपयोग होत नाही. दुचाकीचं हँडल ७० ते ८० सेंटिमीटरचं, ओझ्याची सायकल मीटरभर. जी फट दुचाकीला अडवेल ती सायकलला आधी अडवेल, व्हीलचेअरलाही. खांब लावायचे ते चारचाकी आणि रिक्षा थांबवायला. त्यासाठी दोन खांबांत सव्वा मीटरच मोकळं ठेवायचं आणि खांबाला रात्री चमकणारी पट्टी लावायची. झिगझॅग लोखंडी फाटकं हा तर निव्वळ छळ आहे.

दुचाकी का घुसते ते आधी बघा. बहुतेकदा कारण डिव्हायडरमध्ये असतं. पलीकडे जायला पाऊण किलोमीटर पुढे जाऊन वळून यावं लागत असेल तर माणूस राँग साईडने येणारच, आणि राँग साईडला सगळ्यात निवांत जागा म्हणजे सायकल ट्रॅक. डिव्हायडरमधली तोंडं तीनशे-चारशे मीटरवर, पट्टे आणि स्पीड ब्रेकरसह नीट केली तर निम्मी घुसखोरी तिथेच थांबावी. दुसरं कारण सिग्नलच्या आधीच्या रांगेचं. तिथे शेवटच्या ४० मीटरमध्ये कठडा सलग हवा, मध्ये एकही फट नको. उरलेल्यांना पोलिसांची पावती. सायकलसाठी राखलेल्या मार्गावर मोटार वाहन चालवणं हा नियमभंग आहे.

प्लॅस्टिकचे लवचिक खांब स्वस्तात लागतात म्हणून कुणी सुचवलं तर एक अट घाला: तुटलेल्या खांबाचे बोल्ट त्याच दिवशी काढायचे. खांब बसच्या धक्क्याने जातो, बोल्ट दीड-दोन सेंटिमीटर वर राहतात आणि टायर फाडतात. त्यापेक्षा काँक्रीटचे तयार ब्लॉक बरे: ३० सेंटिमीटर रुंद, १५ उंच, खाली १२ मिलिमीटरच्या सळया रस्त्यात रोवून. ट्रॅककडची त्यांची कड तिरपी घ्या. दर दोन-तीन मीटरला पाणी जायला वीतभर फट आणि पहिल्या ब्लॉकवर परावर्तक. पहिला ब्लॉक अंधारात राहिला तर पहिल्याच आठवड्यात त्यावर कुणीतरी आपटतं आणि 'ट्रॅकमुळे अपघात' अशी बातमी होते.

प्रश्न: सोलापुरात आता सायकल चालवतो कोण? चार हौशी लोक पहाटे हेल्मेट घालून जातात, त्यांच्यासाठी रस्ता अरुंद करायचा? (एक रिक्षाचालक, सात रस्ता)

मोजूनच बघावं. मोजायची पद्धत सोपी आहे. एका चौकाच्या दोन्ही कडांना एकेक माणूस, सकाळी ६ ते १० आणि संध्याकाळी ४ ते ८, दर १५ मिनिटांचा वेगळा रकाना. रकाने असे: साधी सायकल, ओझ्याची सायकल, विद्यार्थी, बाई, उलट दिशेने येणारा. कारखान्यांची पाळी सुटण्याची वेळ चुकवू नका, पहाटेच्या हेल्मेटवाल्यांपेक्षा खरी गर्दी तेव्हाची. उन्हाळ्याच्या सुट्टीत मोजलं तर शाळकरी मुलं गायब, आणि जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत सगळ्या वाहतुकीचीच दिशा बदललेली असते. ते दिवस सोडा.

आता आकड्याचं काय करायचं? इंडियन रोड्स काँग्रेसच्या सायकल ट्रॅकवरच्या १९६२ च्या मार्गदर्शिकेत निकष होता: तासाला मोटार वाहनं १०० ते २०० असतील तर गर्दीच्या तासाला ४०० सायकली हव्यात. वाहनं २०० च्या वर गेली की १०० सायकलींनाही वेगळा ट्रॅक समर्थनीय ठरतो. सात रस्त्याला तासाला दोनशे वाहनं? पाच मिनिटं उभं राहा, तिथेच कळेल. या मार्गदर्शिकेची सुधारित आवृत्ती २०१५ ला आली.

तुमच्या शंकेत तथ्य एका ठिकाणी आहे. अर्धा किलोमीटरचा सुटा ट्रॅक, दोन्ही टोकांना मोकळ्या रहदारीत सोडून देणारा, रिकामाच राहणार. स्पेनमधल्या सेव्हिल शहराने २००६ नंतर थोड्याच काळात सुमारे ८० किलोमीटरचं एकमेकांना जोडलेलं जाळं उभं केलं आणि नगण्य असलेली सायकल वाहतूक काही वर्षांत कित्येक पटींनी वाढली. ते शहरही उन्हाळ्यात चाळिशीपार जातं, म्हणजे 'आपल्याकडं ऊन आहे' हे कारण अर्धंच खरं. मात्र सावली लागतेच. मधली पट्टी दीड मीटरची करता आली तर दर ८-१० मीटरला कडुनिंब किंवा करंज लावा. झाडाची खालची फांदी सव्वादोन मीटरच्या वर छाटलेली हवी, नाहीतर ती तोंडावर येते.

प्रश्न: ट्रॅकसाठी पेव्हर ब्लॉक चांगले की डांबर? आमच्याकडे काळी माती आहे.

डांबर. ब्लॉकच्या कडा छाटलेल्या असतात, त्यामुळे प्रत्येक सांध्याला हादरा बसतो. हातांना मुंग्या येतात आणि लोक शेजारच्या डांबरावर जातात. ब्लॉकच्या बाजूने एकच मुद्दा खरा आहे: पाइपलाइनसाठी उकरलं तर तेच ब्लॉक परत बसवता येतात. पण परत बसवताना खालची वाळू दाबत नाहीत आणि महिन्यात तिथे खोलगा होतो.

आपल्याकडची खरी अडचण काळ्या मातीची. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि ट्रॅकच्या कडेला समांतर लांब चीर पडते. मोटारीला ती जाणवतही नाही. सायकलचं चाक चिरेत शिरलं की हँडल फिरत नाही आणि माणूस सरळ तोंडावर. म्हणून काळी माती ३० ते ४५ सेंटिमीटर काढून तिथे मुरूम, थराथराने पाणी मारून दाबलेला. त्यावर खडीचे थर, वर २५-३० मिलिमीटर डांबर. आडवा उतार पन्नासाला एक, गटाराकडे. अरुंद पट्ट्यात मोठा रोलर जात नाही. मक्तेदार मग दाबण्याचं काम उरकून टाकतो आणि कडा पहिल्या वर्षीच ढासळतात. निविदेत लहान रोलरचा उल्लेख आहे का ते बघा. कामाचा नकाशा आणि थरांचा तक्ता माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतो, उत्तराची मुदत ३० दिवस. 'रस्त्याची माहिती द्या' असं मोघम लिहू नका. 'ट्रॅकचा आडवा छेद, थरांची जाडी आणि घनता चाचणीचे अहवाल' असं लिहा.

प्रश्न: बॅटरीवरची लहान स्कूटर ट्रॅकवर चालते का?

२५० वॉटपेक्षा कमी शक्ती, ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग आणि बॅटरी सोडून ६० किलोपर्यंत वजन असेल तर नियमाच्या अक्षरानुसार ते मोटार वाहन ठरत नाही. म्हणून फलकावर 'मोटार वाहनांस बंदी' एवढंच लिहून भागत नाही, 'फक्त सायकल' लिहावं लागतं.

प्रश्न: मंडळाचा मांडव ट्रॅकवर आला तर?

दहा दिवस वळसा चालेल, पण वळशाचा फलक हवा. खरा त्रास नंतर होतो. मांडवाच्या खांबांचे खड्डे बुजवायचे राहतात. परवानगीच्या अटीतच खड्डा डांबराने बुजवण्याची तारीख घालून घ्या. मातीने बुजवलेला चालत नाही, पहिल्या पावसात तो परत उघडतो.

प्रश्न: ट्रॅकवरून गेलं की पंक्चर. काय करावं?

झाडू. गाड्यांच्या चाकांनी रस्ता आपोआप झाडला जातो, ट्रॅक झाडला जात नाही. काचा, खिळे, छाटलेल्या बोगनवेलीचे काटे तिथेच साचतात. त्यात आपल्या कोरड्या मुलखातला सराटा कडेने पसरतो आणि फळ वाळलं की त्याचे काटे कुठल्याही साध्या टायरमधून आत जातात. तो फुलावर असताना, म्हणजे पावसाळ्यातच मुळासकट उपटायचा. फळं वाळल्यावर उपटला तर उलट काटे पेरले जातात. झाडणारं मोठं यंत्र दोन मीटरच्या ट्रॅकवर शिरत नाही, तेव्हा आठवड्यातून दोनदा हाताने झाडायचं काम महापालिकेच्या झोनच्या वेळापत्रकात लिहून घ्यावं लागेल. तोवर ट्यूब आणि टायरच्या मध्ये जुन्या ट्यूबची पट्टी घाला. टोकं तासून पातळ करा, नाहीतर तीच आतून ट्यूबला घासते. आणि पंक्चर काढून चाक चढवण्याआधी टायरच्या आतून बोट हळूच फिरवा, तुटलेला काटा बहुतेक वेळा तिथेच रुतून बसलेला असतो.